उपाशी भिंतीचा उभा सांधा

भिंतवाल्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

सकाळी अकराच्या सुमारास टपाल कचेरीत पत्रांचे गठ्ठे लावता लावता त्याची बायको खुर्चीतच कलंडली. डॉक्टर आले आणि पाच मिनिटांत परत गेले. बाराच्या आत खालच्या गावाला कळलं, जेवणाच्या वेळेपर्यंत वरच्या गावाला. भिंतवाला मात्र डोंगराच्या पाठीला कामावर होता. फोन कोटात, कोट झुडपावर, आणि त्या अंगाला फोन लागल्याचं कुणाला आठवत नाही. दोघं जण त्याला शोधायला निघाले, ते गेले जुन्या वाटेने. हा उतरला नव्या वाटेने.

चार वाजता तो गावात शिरला. बेकरीवाल्याने त्याला बघून मान खाली घातली आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली. शाळेच्या फाटकाशी दोघी बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. भिंतवाल्याला वाटलं, आपली एखादी भिंत पडली. ओढ्याकाठचीच असणार, तिथली जमीन ओली. पायापासून उकलावी लागेल, असं मनाशी म्हणत तो घरी आला. दारात मेहुणी उभी होती. तिने त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली, उंबऱ्याशी ठेवली आणि म्हणाली, "भाऊजी, ताई गेली."

"कुठे?" त्याने विचारलं.

त्यानंतरचे चार महिने त्याने काम केलं. त्या दिवसांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. हिवाळ्यात पडलेल्या भिंती त्याने उभ्या केल्या, न पडलेल्याही दोन-चार सरळ केल्या.

त्याचं काम कोरड्या भिंतींचं. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. कुणी गवंडी म्हटलं की तो लगेच दुरुस्त करायचा. म्हणायचा, गवंड्याची चूक सिमेंट झाकतं, माझी उन्हात उभी राहते. एरवी माणूस अबोल. त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे तर आधी पहार आणा, असं गावात म्हणत. बोलायचं खातं बायकोकडे होतं. तीस वर्षं तिने दोन्ही गावांत टपाल वाटलं, आधी पायी फिरून, मग कचेरीत बसून. पत्र द्यायला गेली की पाणी प्यायला थांबायची, आणि पाणी पिता पिता म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गोष्टी काढून घ्यायची. खोऱ्याचा इतिहास तिने असा दारोदार जमवला.

दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला नदीकाठच्या गवताच्या रानात तीन दिवसांचा उत्सव भरतो. गाणी, नाटकं, पुस्तकांचे तंबू. शहरातून हजारभर माणसं येतात, चिखलात एक दिवसही टिकणार नाहीत असे बूट घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतवाल्याची बायको त्यांना दोन तास खोऱ्यातून फिरवायची. पूल, चुन्याची भट्टी, जुनी शाळा, डोंगरावरची उपाशी भिंत, असे आठ थांबे. गावाने तिचं नाव फेरीवाली पाडलं होतं, आणि तिलाही ते आवडायचं. टोपली नाही, ओरडणं नाही, तरी सगळा माल खपतो, असं म्हणायची.

पण माल खरा हवा, यावर तिचा कटाक्ष. पहिल्या वर्षी उत्सवाच्या पत्रकात कुणीतरी छापायला घातलं होतं, की एका राजाचा घोडा या नदीवर पाणी प्यायला. तिने ते खोडलं. घोड्याला तहान लागली असेल, पण इथे पिताना कुणी पाहिलं? कागद दाखवा. कागद नसेल तर खूण दाखवा. दोन्ही नसेल तर गप्प बसा. समितीने खूप गळ घातली, घोडा असला की लोक येतात म्हणून सांगितलं. घोडा काही परत आला नाही.

या वर्षी फेरीचं काय करायचं, यावर शाळेच्या वर्गात बैठक झाली. समितीच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही समोरचा माणूस पाठ टेकून बसला की त्या बोलायच्या थांबतात. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, उपाशी भिंतीपाशी फेरीवालीच्या स्मरणार्थ दगडी पाटी बसवायची, ती कोरायला दिलीसुद्धा. दोन, फेरीला शहरातून एक नट येईल, आवाज चांगला आहे, लिहून दिलं की वाचेल.

मागच्या बाकावरून भिंतवाला म्हणाला, "फेरी मी नेतो."

सगळे वळून बघायला लागले. बेकरीवाल्याने हळूच विचारलं, की बोलणार कोण. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे बघून चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि कागदावरचं नटाचं नाव खोडलं.

बोलून तर बसला, पण एक अडचण होती. एकोणीस वर्षांत तो एकदाही त्या फेरीला गेला नव्हता. दर वर्षी त्या सकाळी त्याला गाड्या लावायच्या मैदानात खांब ठोकायचे असत. खांब आदल्या दिवशीही ठोकता आले असते.

फेरी पाठ होती ती मेहुणीला. ती एकदाही चुकली नव्हती. तिचं शिवणाचं दुकान होतं. मशीन बाजूला सरकवून तिने कापायच्या मेजावर आठ बटणं मांडली, एकेक थांबा म्हणून, आणि त्याला समोर बसवलं. ताईसारखेच हात करून ती बोलायची. ती पुलाचं बोलली, भट्टीचं बोलली. भिंतवाल्याने दोन्ही म्हणून दाखवलं. तिचं मत पडलं की भाऊजी पूल वाहून गेल्यासारखा सांगतात. पाच-सहा संध्याकाळी अशा गेल्या. त्याला जमायला लागलं. गोष्टी तिच्या, पण दगड ओळखीचे होते. पुलाच्या कमानीतला मधला दगड कुठल्या खाणीचा, भट्टी एका बाजूने का खचली, हे त्याचं तो मध्येच घालायचा. मेहुणी म्हणाली, हे ताईलाही माहीत नव्हतं.

मग सहावं बटण आलं. उपाशी भिंत.

ही भिंत डोंगरावर सरळ वर चढत जाते आणि कशाचीच राखण करत नाही. दीडशे वर्षांपूर्वी खोऱ्यात सलग तीन वर्षं पीक बुडालं. सरकार फुकट भाकर द्यायला तयार नव्हतं, कामाच्या बदल्यात देणार होतं, आणि काम तर नव्हतंच. म्हणून एक भिंत बांधायला काढली. एक टोक पायथ्याला, दुसरं माथ्याला. जुन्या नोंदवहीत बायकोला एक ओळ सापडली होती: वरच्या आणि खालच्या गावच्या टोळ्या भांडतात, सबब दोघांना भाकर वेगवेगळ्या वेळी द्यावी. हा झाला कागद. आणि खूणही होती.

मेहुणी उठून उभी राहिली. दोन्ही तळवे शेजारी शेजारी उभे धरले, मध्ये फट ठेवून. म्हणाली, "इथे ताई अशी थांबायची. म्हणायची, बघा, सगळ्या भिंतीत दगड एकमेकांत गुंतलेत. फक्त इथे एक उभी फट आहे, पायापासून वरपर्यंत. वरचे खाली येत होते, खालचे वर जात होते, इथे समोरासमोर आले. पण एकाही टोळीने दुसऱ्याच्या दगडावर आपला दगड ठेवला नाही. पोटात अन्न नव्हतं, तरी एवढं भांडण शिल्लक होतं." तिने हात खाली घेतले. "इथे लोक रडतात हो, भाऊजी. दर वर्षी."

भिंतवाल्याने ते बटण उचललं आणि मुठीत धरून बसला.

कोरड्या भिंतीचा पहिला नियम शिकाऊ माणसालाही ठाऊक असतो: एकावर दोन, दोनांवर एक. खालच्या दोन दगडांची फट वरच्या दगडाने झाकायची. फटीवर फट आली की उभा सांधा पडतो, आणि भिंत तिथून उसवते. तो उभा सांधा कुठल्याही टोळीचा नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी तिथली अकरा फूट भिंत पावसाने बसली होती. एका मेंढपाळाने भिंतवाल्याला बोलावलं. त्याच्या स्वतःच्या लग्नाला चार दिवस राहिले होते. खालच्या टोकाला त्याने नवं काम जुन्यात नीट गुंफलं. वरच्या टोकाला पोचला तेव्हा दिवस संपत आला होता. जुनी भिंत पायऱ्यापायऱ्यांनी उकलून तिच्यात नवे दगड गुंतवायचे तर अजून एक दिवस लागला असता. त्याने उकललं नाही. जुन्याला नवं नुसतं चिकटवून वर नेलं, माथ्यावर टोपीचे दगड ठेवले आणि कपडे शिवायला टाकले होते तिकडे पळाला. मेंढपाळ पुढच्याच वर्षी वारला. त्या वाटेला दुसरं कुणी फिरकत नसे.

पहिल्या फेरीची तयारी करताना बायकोने तो सांधा पाहिला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, अहो, उपाशी भिंतीत ती उभी फट कशी हो? तो हात धूत होता. खोऱ्यातला सगळ्यांत चांगला भिंतवाला म्हणून तिने ज्याच्याशी लग्न केलं, त्याने पाठमोऱ्यानेच सांगितलं, "जुन्या लोकांचं काम. त्यांची ती तऱ्हा."

एवढंच. कागद होता, खूण मिळाली, तिने दोन्ही जोडलं. आणि तो खांब ठोकायला लागला.

मेहुणीने त्याच्या तोंडून हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तुमच्या तर धंद्यातच गोटे. थोड्या वेळाने तिचा आवाज बदलला. तिने निक्षून सांगितलं, की आता गप्प बसा. ताई गेली, तिची सगळ्यांत चांगली गोष्ट तरी राहू द्या. उद्या लोक म्हणतील, फेरीवाली थापा मारायची.

"थाप माझी आहे," भिंतवाला म्हणाला. "तिने घोडा खोडला होता."

मेहुणीने मशीन पुन्हा पुढे ओढलं आणि बराच वेळ रिकामंच चालवलं.

तो मोठ्या बाईंकडे गेला. पाटी तयार होऊन त्यांच्या बैठकीत भिंतीला टेकून ठेवली होती. त्यावर सांध्याची गोष्ट होती आणि खाली बायकोचं नाव. अक्षर सुबक होतं. मोठ्या बाईंनी त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. त्या म्हणाल्या, की पत्रकं छापून झाली आहेत, वरचं आणि खालचं गाव दर वर्षी त्या सांध्याच्या नावाने रस्सीखेच खेळतं, उत्सव तोंडावर आहे. तो होऊ द्या, मग शांतपणे बघू. भिंतवाल्याने विचारलं, पाटी कधी बसणार? फेरीतच, सगळ्यांसमोर, असं उत्तर आलं. मग तो नमस्कार करून निघाला.

फेरीच्या सकाळी सत्तरएक माणसं जमली. गावातली नेहमीपेक्षा जास्त होती, भिंतवाला बोलतो कसा ते बघायला. तो बोलला. पुलापाशी थोडा अडखळला, भट्टीपासून सुटला. लोकांना तो दगडाला हात लावायला सांगायचा आणि त्यांचा हात दगडावर असेपर्यंतच बोलायचा. उपाशी भिंतीच्या पायथ्याशी त्याने हातोडीचे घाव दाखवले, उलट्या अंगाने पडलेले. म्हणाला, हा माणूस डावखुरा होता, पुढची चाळीस पावलं तो आपल्यासोबत आहे. मग वर चढल्यावर थांबला. "इथून दगड लहान होत गेलेत. मोठे संपले नव्हते, ते बघा तिथे अजून पडलेत. उचलणाऱ्यांची ताकद संपली होती."

मेहुणीने पदराने नाक पुसलं.

सांध्यापाशी मोठ्या बाई उभ्या होत्या. शेजारी कापडाखाली पाटी. दोन्ही गावांची माणसं नेहमीप्रमाणे सांध्याच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांना कोपरखळ्या देत होती. भिंतवाल्याने फटीत हाताची चार बोटं घातली आणि सांगून टाकलं. भिंत कधी पडली, कुणी रचली, घाई कसली होती. बायकोने विचारलं तेव्हा त्याने काय उत्तर दिलं, तेही.

आधी कुणी हसलं. मग वरच्या गावचे घड्याळजी पुढे आले. वय ऐंशी, खोऱ्यातल्या प्रत्येक घड्याळात एकदा तरी डोकावलेले. त्यांनी काठी सांध्यावर टेकवली.

"माझ्या आजोबांनी मला हा सांधा बोटाने दाखवलाय."

"आजोबा कधी वारले तुमचे?"

"मी दहा वर्षांचा होतो."

"मग सांधा जन्माला यायला अजून चव्वेचाळीस वर्षं होती," भिंतवाला म्हणाला.

घड्याळजींचा चेहरा लाल झाला. वरच्या गावातून आवाज आला, की बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही. खालच्या गावातून आला, की तुमचं कधी होतं? शहरातल्या लोकांना कळेना, हसावं की वहीत लिहून घ्यावं. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघून, सातवा थांबा राहिला आहे, अशी आठवण केली.

भिंतवाल्याने कोट काढून मेहुणीकडे दिला. कागद दाखवा, नाहीतर खूण दाखवा. कागद त्याच्याकडे नव्हता. त्याने टोपीचा पहिला दगड उचलला आणि जवळच्या माणसाच्या हातात दिला. सांगितलं, टोपीचे दगड त्या झुडपापाशी ठेवा, दर्शनी दगड इकडे, आतली बारीक भर तिसरीकडे, मिसळू नका. त्याचा आवाज असा होता की माणसं रांगेत उभी राहिली. बँकेत काम करणारी एक बाई, दोन गायक, बेकरीवाला, सगळे दगड हातोहात पुढे देत होते. सांधा असल्यामुळे भिंत एका बाजूने सरळ उघडत गेली, जुन्या कामाचा एक खडाही हलला नाही. नियम मोडल्याचा तेवढाच एक फायदा.

गुडघ्याएवढी उंची राहिली तेव्हा आतल्या भरीत काहीतरी चमकलं. भिंतवाला खाली बसला आणि त्याने ते ओढून काढलं. शीतपेयाची काचेची बाटली. त्या दिवशी भर कमी पडली होती, म्हणून त्याने जेवणाबरोबरची बाटली आत कोंबली होती. बाटली भर म्हणून घालणं हाही गुन्हाच, पण तो आत्ता कामाला आला. बाटलीच्या बुडाशी ती बनल्याचं साल उठवलेलं होतं. त्याने ती पुसून घड्याळजींच्या हातात दिली.

घड्याळजींनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं. निवृत्त झाले तरी ते त्यांच्या खिशात असायचं. बाटली उलटी धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. खालच्या गावचे लोकही माना उंच करून बघत होते.

"साल बरोबर आहे," ते म्हणाले. भिंग खिशात टाकलं. मग लहान मुलासारखं विचारलं, "मग आजोबांनी मला काय दाखवलं?"

"भांडण दाखवलं असेल," भिंतवाला म्हणाला. "ते झालं होतं. त्याची नोंद आहे, हिने शोधलेली. भिंतीने मात्र त्याची साक्ष दिली नव्हती. ती मी खोटी द्यायला लावली." तो उभा राहिला आणि सगळ्यांकडे वळला. "ती तुम्हाला एकोणीस वर्षं जे सांगत आली, ते तिने मला विचारून सांगितलं. तिने बरोबर माणसाला विचारलं होतं. माणूस खोटं बोलला."

मोठ्या बाईंनी पाटीवरचं कापड नीट गुंडाळलं, गाठ मारली, आणि पाटी उचलायला बेकरीवाल्याला खूण केली. जाताना भिंतवाल्याशेजारी क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, की फेरीवालीनेही हेच केलं असतं, फक्त पत्रकं छापायच्या आधी.

सातवा आणि आठवा थांबा त्याने पूर्ण केला. दुपारी रस्सीखेच झाली, खालचं गाव जिंकलं. वरच्या गावाने आरोप केला की आमचे लोक सकाळी दगड उचलून दमले होते. संध्याकाळी मेहुणीने त्याच्यापुढे जेवण ठेवलं आणि सांगितलं, की पूल अजून वाहून गेल्यासारखाच सांगता, पण भट्टी बरी झाली.

उत्सव संपून आता पाच आठवडे झाले. त्या अकरा फुटांत या वेळी एकावर दोन, दोनांवर एक असं काम व्हायचं आहे. दोन्ही गावांनी ठरवलं, की भिंतवाल्याच्या हाताखाली आपण सगळ्यांनी मिळून ते करायचं. वरच्या गावाला शनिवार सोयीचा आहे, खालच्या गावाला रविवार. एकमेकांच्या दिवशी यायला कुणी तयार नाही. भिंतवाला म्हणाला, त्याला दोन्ही दिवस चालतील, पण दगड दोघांचे एकमेकांवर बसले पाहिजेत. यावर तीन बैठका झाल्या. पाटीचा नवा मजकूर मोठ्या बाईंनी त्यालाच लिहायला सांगितला आहे. त्याने वही आणली आहे. पहिल्या पानावर बायकोचं नाव लिहिलं आहे, त्यापुढे काही नाही.

भिंत उघडी आहे आणि मजकूर लिहायचा राहिला आहे.